जुन्या मॅकवर विंडोज: टूल नंतर शोधा, आधी मॅकचं साल बघा

अमळनेरच्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्या भावाचा प्रश्न आहे. त्यांनी मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, सेकंडहँड मॅकबुक प्रो घेतला: तेरा इंची, २०११च्या अखेरचा. श्री-लिपी, कोरलच्या जुन्या फाइली, टॅली, सगळं काम विंडोजवरचं, म्हणून विंडोज १० हवं होतं. मॅकवर विंडोज बसवून देणाऱ्या अ‍ॅपलच्याच बूट कॅम्प असिस्टंटनं विंडोज १० घेतलं नाही आणि डीव्हीडी ड्राइव्ह बंद पडलेला. मग रुफस नावाच्या टूलनं बूट होणारा पेनड्राइव्ह बनवून विंडोज चढवलं. फोनवर त्यांचे शब्द होते, "चालू ते व्हयनं भाऊ, पन आवाजच येत नही." ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकला की स्क्रीन काळी होते ती वेगळीच. आता एका क्लिकमध्ये हे सगळं नीट करणारं एखादं टूल आहे का, आणि जमलं तर विंडोज ११च टाकावं का, असं ते विचारतात.

एका क्लिकचं टूल नाही, आणि शोधण्यात वेळही घालवू नका. रुफसचा यात काही दोष नाही, त्यानं त्याचं काम बरोबर केलं. विंडोज चुकीच्या वाटेनं आत गेलं, एवढीच गडबड आहे.

इंटेलचा मॅक २००६ साली आला आणि त्याच वर्षी बूट कॅम्पही आलं. इंटेल मॅकमध्ये पहिल्यापासून ईएफआय फर्मवेअर आहे, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागं होणारं सॉफ्टवेअर, पण त्या काळातलं विंडोज बायोस या जुन्या पद्धतीच्या फर्मवेअरवर चालायचं. म्हणून अ‍ॅपलनं मॅकच्या फर्मवेअरमध्ये बायोसची नक्कल करणारा एक भाग घातला. मॅक विंडोजसमोर साध्या पीसीचं सोंग घेतो आणि विंडोज निमूट चालतं. २०१३च्या आसपास अ‍ॅपलनं हे सोंग मागे टाकलं आणि विंडोज सरळ ईएफआयवरून चालवायला सुरुवात केली. गोंधळ होतो तो मधल्या मशिनांचा, साधारण २००८ ते २०१२. या मशिनांचं ईएफआय ६४ बिटचं आहे, त्यामुळे ईएफआयचा पेनड्राइव्ह लावून ऑप्शन बटण धरलं की 'ईएफआय बूट' असं केशरी चित्र येतं, विंडोज सुरूही होतं. पण साउंड आणि ग्राफिक्सची मांडणी अ‍ॅपलनं विंडोजसाठी बायोसच्या वाटेवरच करून ठेवलेली आहे. ईएफआयनं गेलं की ऑडिओ कंट्रोलरवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड १०. कुठलाही रियलटेकचा किंवा सिरस लॉजिकचा ड्रायव्हर शोधून टाका, तो त्रिकोण जात नाही. इंटेल एचडी ३००० ग्राफिक्सचंही तसंच, ड्रायव्हर बसला की स्क्रीन गेली. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय.

तेव्हा पहिलं काम, मॉडेल नक्की करा. मागच्या झाकणावर ए१२७८ लिहिलंय म्हणून काही कळत नाही. तो नंबर २००८च्या अ‍ॅल्युमिनियम मॅकबुकपासून २०१२च्या तेरा इंची प्रोपर्यंत सगळ्यांवर आहे, आणि जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये असो की मुंबईत, विकणारा तोच नंबर दाखवून "२०१२चा आहे" म्हणतो. मॅकओएसमध्ये 'अबाउट धिस मॅक'मधून सिस्टिम रिपोर्ट उघडा आणि मॉडेल आयडेंटिफायर वाचा. आता विंडोज चालू आहे तर रनमध्ये एमएसइन्फो३२ टाका, सिस्टिम मॉडेलसमोर तेच नाव दिसेल. तुमच्यावर मॅकबुकप्रो८,१ असायला हवं. हे नाव कागदावर लिहून ठेवा, ड्रायव्हर आणताना हेच लागणार आहे.

ज्यांच्याकडे दुसरं मशीन आहे त्यांच्यासाठी झटपट सांगतो. २००६-०७च्या बऱ्याच मॅकचं ईएफआय ३२ बिटचं, प्रोसेसर ६४ बिटचा असला तरी. त्यावर आता पैसे आणि वेळ दोन्ही घालवू नका. २०१३ ते २०१७च्या मशिनवर बाहेरच्या टूलची गरजच नसते, मॅकओएस चालू असेल तर बूट कॅम्प असिस्टंट पेनड्राइव्ह आणि ड्रायव्हर दोन्ही करून देतो, विंडोज १० अधिकृतपणे चालतं. २०१२ची बरीच मशिनंही अ‍ॅपलच्या विंडोज १०च्या यादीत आहेत, त्यांनी आधी बूट कॅम्पच वापरून बघावं. २०१८पासूनच्या टी२ सुरक्षा चिपच्या मॅकमध्ये आतली एसएसडी आणि कीबोर्ड विंडोजच्या इन्स्टॉलरला दिसतच नाहीत, तिथे अ‍ॅपलचे ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये घालावे लागतात. २०२०च्या अखेरपासूनच्या एम१ आणि पुढच्या मॅकवर बूट कॅम्प नाही, विषय संपला.

२०११चा पंधरा किंवा सतरा इंची प्रो असेल तर मात्र थांबा. त्यात इंटेलसोबत एएमडी रेडिऑन आहे आणि तो ग्राफिक्स चिप मरण्यासाठीच प्रसिद्ध आहे. अ‍ॅपलनं २०१५मध्ये त्यासाठी मोफत दुरुस्तीची योजनासुद्धा काढली होती. मॅकओएस दोन ग्राफिक्समध्ये अदलाबदल करतो, बूट कॅम्पचं विंडोज फक्त रेडिऑनच वापरतं. म्हणजे आधीच दुखणाऱ्या चिपवर अखंड भार. असं मशीन कोणी स्वस्तात देत असेल तर विंडोजसाठी घेऊ नका. तुमच्या तेरा इंचीत एकटं इंटेल आहे, ती भानगड नाही.

आता तुमचं काम. बायोसच्या वाटेनं विंडोज चढवायचं तर अ‍ॅपलच्या हिशोबानं डीव्हीडी लागते, कारण या पिढीतला डीव्हीडीवाला मॅक बायोस पद्धतीचा पेनड्राइव्ह उचलत नाही. बूट कॅम्प असिस्टंटच्या आतल्या फाइलमध्ये आपल्या मॉडेलचं नाव घुसवून पेनड्राइव्हचा पर्याय चालू करायची एक युक्ती फिरत असते. पर्याय दिसायला लागतो, पण फर्मवेअर तेच राहतं, त्यामुळे शेवटी गाडी तिथेच अडते. डीव्हीडी ड्राइव्ह चालू असता तरी विंडोज १०ची आजची फाइल साध्या ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर मावत नाही, ड्युअल लेयर लागते, आणि ती लिहिणारा व वाचणारा दोन्ही ड्राइव्ह धड असायला हवेत. मी तो नाद सोडला आहे.

मी करतो ते असं: मॅकची डिस्क, म्हणजे आतली एसएसडी, बाहेर काढायची, जुन्या डेस्कटॉपला लावायची, तिथे विंडोज अर्धं चढवायचं आणि डिस्क परत मॅकमध्ये बसवायची. ए१२७८ उघडणं सोपं आहे. मागे दहा स्क्रू, त्यातले तीन लांब आणि सात आखूड. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर वरून कळत नाही, आत लागतो. झाकण निघालं की आधी बॅटरीचा कनेक्टर प्लास्टिकच्या पट्टीनं वर उचला, मगच बाकी हात लावा. डिस्कशेजारची पट्टी दोन स्क्रूंनी धरलेली असते, ती काढली की डिस्क तिच्या प्लास्टिकच्या शेपटीनं वर ओढता येते. डिस्कच्या बाजूंना चार छोट्या खुंट्या असतात, त्यांना टी६ टॉर्क्स लागतो. डिस्कपासून बोर्डाकडे जाणारी जी काळी चपटी केबल आहे ती नीट बघा. ती अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाला घासून आतून तुटते. एसएसडी नवीन, तरी मशीन मधूनच अडकतंय किंवा प्रश्नचिन्हाचा फोल्डर दाखवतंय, अशी तक्रार आली की माझा पहिला संशय या केबलवर असतो. सैल किंवा दुमडलेली वाटली तर विंडोजच्या फंदात पडण्याआधी बदला, नाहीतर अर्ध्यात कॉपी थांबेल आणि तुम्ही विंडोजच्या आयएसओ फाइलला शिव्या देत बसाल.

डेस्कटॉप जुना घ्या, तिसऱ्या-चौथ्या पिढीचा इंटेल उत्तम. बऱ्याच नव्या बोर्डांमध्ये लेगसी बूट, म्हणजे बायोसची वाट, काढूनच टाकलंय. त्या डेस्कटॉपची स्वतःची डिस्क सोडवून ठेवा. हे टाळलं तर विंडोजच्या बूट फाइली तिच्यावर जाऊन बसतात आणि तुमची एसएसडी मॅकमध्ये गेल्यावर मुकी राहते. रुफसमध्ये पार्टिशन स्कीम एमबीआर (डिस्कच्या भागांची जुन्या पद्धतीची यादी) आणि टार्गेट सिस्टिम बायोस निवडून पेनड्राइव्ह बनवा. डेस्कटॉपच्या बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसला, तर ज्याच्या आधी यूईएफआय (ईएफआयचीच पुढची आवृत्ती) लिहिलेलं नाही तो घ्या.

विंडोजचा इन्स्टॉलर 'ही डिस्क जीपीटी आहे' म्हणून अडेल, कारण ती मॅकमधली, आणि जीपीटी ही ईएफआयच्या वाटेची नवी यादी. शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल. डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क, आपल्या एसएसडीचा आकार ओळखून सिलेक्ट डिस्क, मग क्लीन, मग कन्व्हर्ट एमबीआर. क्लीन म्हणजे सगळं साफ, परत विचारत नाही. मॅकमधलं जे हवं ते आधीच दुसरीकडे घेतलेलं असू द्या. त्यानंतर इन्स्टॉलर रिफ्रेश करून पुढे जा. फाइली कॉपी होतात, टक्के मोजून होतात आणि 'विंडोजला रीस्टार्ट करायचंय' असा उलटा आकडा सुरू होतो. तिथेच डेस्कटॉप बंद करा. दुसरा टप्पा डेस्कटॉपवर होऊ देऊ नका, तो विंडोजला हार्डवेअर ओळखण्याचा आहे आणि हार्डवेअर मॅकचं ओळखायला हवं.

डिस्क मॅकमध्ये बसवा, चार्जर लावा, ऑप्शन धरून चालू करा. 'विंडोज' नावाची डिस्क दिसेल. दिसली म्हणजे बायोसची वाट मिळाली; इथे 'ईएफआय बूट' लिहिलेलं आलं तर कुठेतरी जीपीटी राहिलंय, मागे जा. उरलेलं इन्स्टॉलेशन मॅकवर पूर्ण होईल, दोन-तीनदा रीस्टार्ट होईल, दर वेळी ऑप्शन धरावं लागू शकतं.

हे करताना वीज सांभाळा. मॅकबुकची बॅटरी फुगलेली म्हणून काढून टाकलेली असेल तर तो नुसत्या चार्जरवर मुद्दाम संथ चालतो, प्रोसेसरचा वेग खाली आणतो, आणि लाइट गेली की जागच्या जागी बंद. आपल्याकडची लाइट कशी आहे ते तुम्हाला सांगायला नको. शेजारच्या दुकानातला यूपीएस तासाभरासाठी उचलून आणा.

ड्रायव्हरसाठी ब्रिगेडियर वापरा. बाहेरच्या टूलांपैकी माझा खरा विश्वास याच्यावर आहे. हे छोटं मोफत टूल तुमच्या मॉडेलचं नाव घेऊन थेट अ‍ॅपलच्या सर्व्हरवरून त्या मॉडेलचं बूट कॅम्प पॅकेज उतरवतं आणि फोल्डर मोकळं करून देतं. ड्रायव्हर अ‍ॅपलचेच असतात, कोणी तिसऱ्यानं जोडलेले नाहीत. "मॅकसाठी ऑल इन वन ड्रायव्हर पॅक" असल्या झिप फाइलींना हात लावू नका. त्यात अर्धे दुसऱ्या मॉडेलचे, आणि सोबत काय काय येतं ते देव जाणे. घोस्ट केलेलं, आधीच अ‍ॅक्टिव्हेट केलेलं विंडोजही नको. तुमच्या मशीनवर टॅलीचा डेटा आणि गिऱ्हाइकांचे जीएसटीचे कागद असणार आहेत.

वायफाय पहिल्यांदा चालेलच असं नाही, पण तुमच्या मॅकला लॅनचा पोर्ट आहे, केबल लावा, विंडोज तो स्वतः ओळखतं. अपडेट एकदा पूर्ण चालू द्या. एचडी ३०००चा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधूनच येतो आणि आता बायोसच्या वाटेवर स्क्रीन काळी होणार नाही. मग ब्रिगेडियरच्या फोल्डरमधला सेटअप चालवा. 'हे बूट कॅम्प या कॉम्प्युटरसाठी नाही' किंवा विंडोजच्या आवृत्तीवरून कुरकुर केली तर ड्रायव्हर्स फोल्डरच्या आत अ‍ॅपल नावाचं फोल्डर आहे, त्यात बूटकॅम्प नावाची एमएसआय फाइल. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून तिथून ती चालवली की बहुतेक वेळा मुकाट बसते. रीस्टार्ट झालं की आवाज, कीबोर्डचा उजेड, ब्राइटनेसची बटणं आणि दोन बोटांनी राइट क्लिक, सगळं हजर. ट्रॅकपॅड मॅकसारखा लोण्यासारखा चालणार नाही, त्याची अपेक्षा सोडा. दिवसभर कोरलवर बसायचं तर माउस लावणारच तुम्ही.

एसएसडीचा वेग डेस्कटॉपवर मोजला होता त्यापेक्षा कमी दिसला तर घाबरू नका. बायोसच्या वाटेनं गेल्यावर मॅक आपला सॅटा कंट्रोलर जुन्या आयडीई पद्धतीनं दाखवतो. त्यावर बूट सेक्टरमध्ये फेरफार करणारे उपाय आहेत. पत्रिका आणि टॅलीसाठी ती उठाठेव मी करून देत नाही. फरक आकड्यात दिसतो, हाताला जाणवत नाही.

मॅकओएसही ठेवायचं का? माझं मत, ठेवा, पण वेगळ्या डिस्कवर. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवायचं तर बायोस विंडोजसाठी हायब्रिड एमबीआर लागतो, म्हणजे एकाच डिस्कवर दोन पार्टिशनच्या याद्या, आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून कोणी एक पार्टिशन लहानमोठं केलं की दोन्ही याद्यांचं जुळणं संपलं. असे बिघडलेले मॅक माझ्याकडे येतात ते बहुतेक "थोडी जागा वाढवत होतो" या वाक्यानं. तुमचा डीव्हीडी ड्राइव्ह मेलेलाच आहे. तो काढा आणि त्या जागी कॅडी, म्हणजे डिस्क धरणारी चौकट, घालून मॅकओएससाठी दुसरी हार्ड डिस्क लावा. कॅडी ९.५ मिलिमीटर जाडीची मागा, १२.७ची बसत नाही. विंडोजची एसएसडी मूळ जागेवरच, मॅकओएस कॅडीत. मॅकओएस हवा तो हौसेसाठी नाही. स्टार्टअप डिस्क ठरवायला आणि अ‍ॅपलचे फर्मवेअर अपडेट घ्यायला तोच लागतो. त्याच्या सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये स्टार्टअप डिस्कमधून विंडोज निवडून ठेवलं की रोज ऑप्शन धरायची गरज नाही आणि चालू करताना पांढऱ्या स्क्रीनवर वाट बघत बसावं लागत नाही. उलट दिशेनं, विंडोजमधल्या बूट कॅम्प कंट्रोल पॅनेलमधून मॅकओएस निवडायला गेलात तर तो 'डिस्क सापडत नाही' म्हणेल, जर ती डिस्क एपीएफएस या अ‍ॅपलच्या नव्या फाइल पद्धतीत असेल. जुन्या बूट कॅम्पला एपीएफएस ठाऊकच नाही. तेव्हा ऑप्शन बटण.

रेफाइंडबद्दल बरेच जण विचारतात. चांगला बूट मेनू आहे, लिनक्सही ठेवणाऱ्यांना कामाचा. त्यात बायोसवालं विंडोज आपोआप दिसलं नाही तर कॉन्फिग फाइलमधल्या स्कॅनफॉरच्या ओळीत एचडीबायोस हा शब्द घालावा लागतो, आणि एल कॅपिटनपासूनच्या मॅकओएसवर तो बसवताना रिकव्हरीत जावं लागतं. दोनच सिस्टिम असतील तर ऑप्शन बटण तेच काम फुकटात करतं.

घड्याळाकडे लक्ष द्या, कारण यात टॅली आणि सही दोन्ही अडकतात. मॅकओएस मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतो, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. बूट कॅम्पचा ड्रायव्हर हा हिशोब सांभाळतो. तो नीट बसला नसेल तर मॅकओएसमध्ये जाऊन आलं की विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडतं. सकाळी साडेदहाला दुकान उघडलं तर घड्याळात पाच. एवढ्यानं वेबसाइट सर्टिफिकेटची तक्रार करतात आणि डिजिटल सहीत भलतीच वेळ पडते. मशीन साडेपाच तासच चुकतंय म्हटलं की बॅटरी किंवा व्हायरस शोधू नका, बूट कॅम्प पुन्हा चालवा.

उन्हाळ्याचं एक. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी पत्रिकांची झुंबड असते आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे पारा ४५च्या आसपास. विंडोजवर हा मॅक मॅकओएसपेक्षा जास्त तापतो, आणि पंखा जोरात फिरायला उशीर करतो. मशीन उघडलंच आहे तर पंख्यातली धूळ त्याच बैठकीत काढा आणि वाळलेली थर्मल पेस्ट बदला. मॅक्स फॅन कंट्रोलची विंडोजसाठीची आवृत्ती मिळते, तिच्यात पंख्याचा कमीत कमी वेग वाढवून ठेवा. आवाज येईल, पण दुपारी दोन वाजता कोरल मध्येच बंद पडणार नाही. भुसावळच्या गिऱ्हाइकांना मी हे न विचारताच करून देतो.

सेकंडहँड घेणाऱ्या बाकीच्यांना, पैसे देण्याआधी ऑप्शन धरून मशीन चालू करून बघा. डिस्कची चित्रं आली तर ठीक. कुलूप आणि पासवर्डची चौकट आली तर फर्मवेअर लॉक आहे. कंपन्यांच्या लॉटमधून निघालेली अशी मशिनं बाजारात फिरतात. २०११च्या आधीच्या मॅकवर रॅम काढून-घालून ते कुलूप उघडायचं, २०११पासून तसं होत नाही. अशा मशीनवर बाहेरून काहीच बूट करता येत नाही, मग हे सगळं वाचून उपयोग नाही.

राहिलं विंडोज ११. रुफसमध्ये टीपीएम ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट आणि रॅमची अट गाळायचा पर्याय आहे, त्यामुळे तुमच्या मॅकवर ते चढतं, अगदी बायोसच्या वाटेनंही. तुमच्या प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या सूचना आहेत, म्हणून २४एच२ आवृत्तीसुद्धा सुरू होते; २०१०च्या तेरा इंचीतल्या कोअर टू ड्युओवर ती होत नाही. पण एचडी ३०००ला विंडोज ११चा धड ड्रायव्हर नाही, आणि दर वर्षीची मोठी अपडेट तुम्हाला हातानं, रुफसमधूनच करावी लागेल. दुसरीकडे विंडोज १०चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच आहे. मी तुमच्या जागी असतो तर विंडोज १० टाकलं असतं, वाढीव अपडेटसाठी नाव नोंदवलं असतं आणि हा मॅक श्री-लिपी, कोरल आणि छपाईसाठी ठेवला असता. टॅली, बँक आणि डिजिटल सहीचं टोकन दुकानातल्या दुसऱ्या, नव्या पीसीवर. तो नसेल तर पुढच्या सीझनच्या पैशातून आधी तो घ्या, मॅकची रॅम नंतर वाढवा.